बरणीला लावलेला कान

कवठ पिकलं की नाही हे बाकीचे लोक नाकानं ओळखतात. आमच्या घरी ते कानानं ओळखत. आई कवठ हातात घ्यायची, गुडघ्याएवढ्या उंचीवरून अंगणातल्या फरशीवर सोडून द्यायची आणि मान तिरपी करून ऐकायची. टक्कन वाजून चेंडूसारखं उसळलं तर कच्चं. ते परत तणसात पुरून ठेवायचं. धप्प आवाज करून जिथल्या तिथे बसलं तर पिकलं. "उड्या मारते ते अजून लेकरू आहे," आई म्हणायची. "गुपचूप बसलं ते झालं." हे काम तिनं माझ्याकडे आणि माझ्या धाकट्या भावाकडे, दिगूकडे दिलं होतं. दिगू तेव्हा शाळेतही जात नव्हता. तो प्रत्येक कवठ टाकायचा, स्वतः पालथा पडून फरशीला कान लावायचा आणि मोठ्या डॉक्टरसारखा निकाल द्यायचा, "लेकरू आहे!" नाहीतर "झालं!" त्याचे निम्मे निकाल चुकायचे. आई तरी ते ऐकून घ्यायची आणि नंतर हळूच फळं इकडची तिकडे करायची.

नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावापासून हाकेच्या अंतरावर आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. वर टिन, मागे न्हाणी, पुढे अंगण, आणि अंगणात घरमालकाचं कवठाचं झाड. घरमालकाला कवठाचा वास सहन व्हायचा नाही, म्हणून फळं सगळी आमची. थंडीत पहाटे पहाटे ती टिनावर पडू लागली की बाबा दचकून उठायचे आणि म्हणायचे, "झाला गोळीबार सुरू." बाबा एका सरकारी कचेरीत बाबू होते. सायकलनं जायचे, सायकलनं यायचे, आणि फाटकाशी घंटी एकदाच वाजवायचे. त्यांचं सगळंच मोजकं. आईचं उलट. ती बोलायची, गुणगुणायची, भांड्यांशीही बोलायची. चुलीवरच्या पातेल्याला म्हणायची, "थांब ना रे जरा, आले ना!" त्यामुळे ती गेल्यावर घर नुसतं रिकामं झालं नाही, बहिरं झालं. पण ते पुढे.

महाशिवरात्रीच्या आधी कवठाचा गुळांबा व्हायचा. महादेवाला एक फळ बाजूला काढायचं, उपासाच्या चटणीसाठी चार ठेवायची, बाकीचं सगळं पातेल्यात. कवठ फोडायला वरवंटा मला मिळायचा. कवठ फोडणं म्हणजे नारळ फोडणं नाही; जोरात मारलं तर कवचाचे तुकडे गरात जातात आणि मग खाणाऱ्याच्या दाताखाली कचकच. फिरवत फिरवत हलके ठोके द्यायचे, मग ते स्वतःच उघडतं. आतला तपकिरी गर चमच्यानं खरवडायचा, थोडं पाणी घालून हातानं कुस्करायचा आणि चाळणीतून गाळायचा. बिया आणि दोरे वर राहतात, खाली मऊ लगदा पडतो. हे गाळणं लेकरांनीच करावं असा जणू नियम होता, कारण कोपरापर्यंत हात बरबटवून घ्यायला मोठ्या माणसांना लाज वाटते. मग कल्हईच्या पातेल्यात लगद्याच्या बरोबरीनं गूळ, वेलची, चिमूटभर मीठ. लाकडी डावानं ढवळत राहायचं. थेंब ताटलीत टाकून ताटली तिरपी करायची. थेंब पळाला तर अजून आटवायचं, जागेवर राहिला तर उतरवायचं. नीट पाहिलं तर हीसुद्धा कवठाचीच परीक्षा. पळतं ते कच्चं, बसतं ते पक्कं.

एका वर्षी पावसाळ्यात आई तापानं गेली. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. लिहायला बसले की मला एकच दिसतं. दिगू अंगणात फरशीला कान लावून पालथा पडलाय आणि कोणी त्याला उठवत नाहीये.

तिची लुगडी आत्यानं ट्रंकेत भरली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. महाल भागात राहायची, विधवा, करारी, आणि आमच्यासाठी रोज डबा घेऊन इतकं अंतर पायी यायची. तिचं तोंड कडू होतं, हात गोड. तिनं घर आवरलं, पण फळीवरची कवठाच्या गुळांब्याची बरणी जशीच्या तशी राहिली. पिवळी-तपकिरी चिनी मातीची बरणी, तोंडाला पांढरं फडकं, त्याला आईनं बांधलेली सुतळी. अर्धी भरलेली होती. ती गाठ आम्ही कधी सोडली नाही. फडकं एका बाजूनं वर सारून बोट घालायचो. आधी पोळीशी खायचो. मग लक्षात आलं, हे संपणार. तेव्हापासून दिवसाला एक बोट मी, एक बोट दिगू. चव पार जाईपर्यंत बोट तोंडातच. आता मी आजी झाले आहे, डझनावारी बरण्या भरल्या आहेत, आणि कोणी ओलं बोट बरणीत घातलं तर घर डोक्यावर घेते. पण ती बरणी त्यालाच अपवाद होती.

थंडी सुरू झाली तशी आत्यानं बाबांचं दुसरं लग्न ठरवलं. वर्षाच्या आत करायचं म्हणून घाई होती. मुलगी रामटेककडच्या खेड्यातली, धानाची शेती असलेल्या घरची, वय उलटलेली म्हणून कोणी करून घेत नव्हतं. आत्यानं आम्हाला समोर बसवून समजावलं. "हे पाहा, आता घरात नवं माणूस येणार. ती तिच्या पद्धतीनं घर लावेल. जुन्या वस्तूंचा मोह धरून बसू नका, तिलाही बरं नाही वाटत अन् तुम्हालाही त्रास." आत्या चांगल्या मनानं बोलली. दिगूनं मात्र एवढंच ऐकलं, की नवी बाई बरणी फेकणार.

"कुंदे," तो मला म्हणाला, "आईची बरणी लपवू."

आम्ही शोधून शोधून जागा काढली. न्हाणीत पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता आणि त्याच्या मागे जळणाची पेटी. पेटी आणि भिंत यांच्यामध्ये बरोबर बरणीएवढी फट होती. तिथे कोणी हात घालत नसे, कारण भाजायचं. मी बरणी आत सरकवली, वर पोतं टाकलं. आम्हाला वाटलं, जगात याहून सुरक्षित जागा नाही. रोज सकाळ-संध्याकाळ बंब पेटायचा आणि आमची बरणी त्याच्या मागे शेकत बसायची.

नवी आली ती टोपलीभर तांदूळ आणि एक टिनाची पेटी घेऊन. उंच, हाडापेरानं रुंद, पायात जोडवी सैल होणारी. तिला काय म्हणायचं ते कोणालाच सुचेना. "आई" माझ्या तोंडून निघेना आणि "नवी आई" दिगूच्या. शेवटी तीच म्हणाली, "मावशी म्हना मले. तुमच्या मायची बहीनच समजा." तिची बोली ऐकून आत्याच्या कपाळाला आठी पडली. आमच्या घरी शाळेत शिकवतात तसं बोलायचा आग्रह असे, म्हणजे आत्याचा असे, स्वतः ती चिडली की "का"वरून थेट "काहून"वर यायची ते सोडा. "लेकरांसमोर जरा नीट बोलत जा वं," आत्या म्हणाली. "मले नाही, मला."

"आक्का," मावशी म्हणाली, "मला म्हनलं का मले वाटते कोनी दुसरीच बाई बोलून राहिली माह्या तोंडातून."

बाबा खाली मान घालून जेवत होते. त्यांना ठसका लागला. हसल्याचा होता, हे मला फार नंतर कळलं.

मावशी वाईट नव्हती. हे मी आज म्हणते असं नाही. तेव्हाही दिसत होतं, आणि तेच आम्हाला अवघड जात होतं. ती भातात डाळीचे गोळे वाफवून गोळाभात करायची आणि दिगूच्या ताटातला गोळा सगळ्यांत मोठा असायचा. माझ्या वेण्या आईपेक्षा घट्ट घालायची, दुखायचं, पण दिवसभर सुटायच्या नाहीत. आम्ही खायचो, वेण्या घालून घ्यायचो आणि तिच्याशी गरजेपुरतं बोलायचो. ती फळीवरचं काही हलवायची नाही. बरणीच्या जागी जो गोल डाग होता, तो पुसताना फक्त थांबायची.

संक्रांत उलटली. एका सकाळी मी दिगूला आंघोळ घालायला नेलं तर तो उघडाच जळणाच्या पेटीवर चढला आणि फटीत डोकं घालून बसला. मी हाका मारते तर बोट ओठांवर. मग डोकं बाहेर काढून, डोळे हे एवढे मोठे करून मला म्हणाला, "कुंदे, आई बोलते."

मी कान लावला. खरंच आवाज येत होता. बारीक, फार बारीक. सुर्र, मग थांबून टप्, मग पुन्हा सुर्र. जसं कोणी पलीकडच्या खोलीत हळू आवाजात काही सांगतंय आणि शब्द कळत नाहीत. मी नऊ-दहा वर्षांची होते, मला समजायला हवं होतं, कारण आईनंच एकदा दाखवलं होतं की गुळांबा फसफसायला लागला की तो आंबतोय. ते मला आठवलंही. पण दिगूच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते आठवलेलं मी गिळून टाकलं. बहिऱ्या घरात इतक्या महिन्यांनी आवाज आला होता. तो कशाचा आहे हे विचारायची घाई कोणाला होती?

मग तो रोजचा नेम झाला. दिगू आंघोळीला हट्ट करेनासा झाला. आधी पेटीवर, मग फटीत कान. कधी तो तिला सांगायचा, आज गोळाभात होता, आज बाबांची सायकल पंक्चर झाली. आणि बरणी उत्तर द्यायची, सुर्र. दिवस तापू लागले, बंब तसाच पेटत होता आणि बरणी दिवसेंदिवस जास्त बोलू लागली.

पकडलं मुंग्यांनी. मावशी न्हाणी धुवत होती, मुंग्यांची रांग भिंतीवरून पेटीमागे जाताना तिला दिसली. तिनं पेटी ओढली. आम्ही दोघं दाराशीच होतो. बरणीचं फडकं फुगून वर आलं होतं, सुतळीखालून फेस ओघळून बाहेर सुकला होता, आणि न्हाणीभर आंबूस, ताडीसारखा वास. दिगूनं किंकाळी फोडली, "हात नको लावू! आई आहे त्याच्यात!"

मी मावशीच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं ती हसेल, नाहीतर रागावेल, नाहीतर बाबांना सांगेल. तिनं यातलं काही केलं नाही. पदर खोचून ती ओल्या फरशीवर मांडी घालून बसली, बरणी मांडीवर घेतली आणि तिला कान लावला. बराच वेळ ऐकत राहिली.

"काय म्हनते?" तिनं दिगूला विचारलं.

दिगू रडायचा थांबला. हा प्रश्न त्याला अपेक्षित नव्हता. "समजत नाही," तो म्हणाला. "पण बोलते. पहिले हळू बोलत होती, आता खूप बोलते."

"हो. खूप बोलून राहिली." मावशीनं फडक्यावरच्या मुंग्या फुंकून उडवल्या. मग म्हणाली, "दिगू, मी तुले खोटं नाही सांगनार. हे बोलनं नोहे बाप्पा. हे आंबून राहिलं. गरमी लागली याले. असंच ठेवलं तं चार-आठ रोज अजून आवाज येईन, मंग खट्टं होऊन जाईन, मंग फेकाच लागते."

"फेकायचं नाही!"

"मी नाही फेकत. आटवता येते परत. वरचं काढून टाकाचं अन् खालचं आगीवर ठेवाचं. वाचते. पन एक हाय." ती थांबली. "मंग ते चूप होईन. मंग आवाज नाही यायचा."

दिगूनं बरणीकडे हात पुढे केले. मावशीनं त्याला जवळ घेतलं नाही. आज मला वाटतं, घेतलं असतं तर सगळं बिघडलं असतं. तिनं बरणी उचलून त्याच्या हातात दिली. "तुमच्या मायच्या हातचं हाय. मी कोन ठरवनारी? तुमी दोघं ठरवा. आज नाही तं उद्या सांगा. पन बंबापासून दूर ठेवा तिले, लय तगमग होते."

आम्ही बरणी तुळशीमागे सावलीत नेली. दिगू दिवसभर तिच्याजवळ बसला. जेवायलाही तिथेच. मी त्याला काही सांगितलं नाही. मलाच ठरवता येत नव्हतं. आवाज हवा होता की चव हवी होती? दोन्हींतली एकच आई मिळणार होती. संध्याकाळी बाबांची घंटी वाजली, ते आत आले, बरणी पाहिली, दिगूला पाहिलं आणि पायातल्या चपला न काढता तसेच उभे राहिले. मावशीनं स्वयंपाकघरातून मान हलवून त्यांना खूण केली, की राहू द्या. ते आत गेले.

दुसऱ्या सकाळी दिगू उठला तो थेट मावशीकडे गेला. पहिल्यांदाच आपण होऊन. तिच्या पदराचं टोक धरून म्हणाला, "चूप बसू दे. पण घरी राहू दे."

मावशी पीठ मळत होती. तिनं हात परातीतून काढला नाही, नुसतं "बरं" म्हणाली. पण त्या दिवशीच्या पोळ्या खारट झाल्या होत्या. तिनं मीठ दोनदा घातलं म्हणून सांगितलं.

शिवरात्र तोंडावर आली होती आणि टिनावरचा गोळीबार जोरात होता. मावशी म्हणाली, नवं घालू तेव्हाच जुनंही आटवू. त्या दिवशी आत्या मुद्दाम आली, नव्या भावजयीचा पहिला गुळांबा पाहायला. आम्ही कवठं टाकली, दिगूनं निकाल दिले. मावशीची रीत वेगळी होती; ती फरशीवर नाही, मातीवर टाकायची आणि म्हणायची, फरशी सगळ्यांनाच उसळवते. मी वरवंटा घेतला. दिगू चाळणीपाशी कोपरापर्यंत बरबटला. इतक्या महिन्यांनी अंगणात कामाचा आवाज भरला होता.

गूळ विरघळून पातेलं रटरटायला लागलं तशी मावशीनं आईची बरणी पुढे घेतली. सुतळीची गाठ तिनं मला सोडायला लावली. मी सोडली. वरचा फेस आणि आंबट थर काढून टाकल्यावर खाली एक वाटी गुळांबा राहिला, काळाभोर, जिभेला जरा चुणचुणणारा. मावशीनं वाटी पातेल्यावर धरली आणि आत्या उठून उभीच राहिली.

"काहून? काय करून राहिली तू? जुनं नव्यात टाकते? कोण्या गावची रीत आहे ही? सगळं पातेलं नासवशील!"

आत्याचं चूक नव्हतं. लोणचं असो की मुरंबा, जुनं नव्यात मिसळू नये, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. आणि फसलं असतं तर वर्षाचा गुळांबा गेला असता आणि मावशी जन्मभर "पहिलंच पातेलं नासवणारी" राहिली असती.

"आक्का, हे एवढंसं हाय," मावशी म्हणाली. "येकटं आगीवर ठेवलं तं बुडाले लागन, जळून जाईन. चार जनांत टाकलं तं सांभाळून घेतात."

"अन् नासलं तं?"

"नासलं तं माह्या डोक्शावर."

"तुझ्या डोक्यावर टाकून काय पोळीशी खायचं आम्ही?"

"मंग तुमी म्हनसान तसं, आक्का. पन लेकरांले इचारा पहिले. त्यांच्या मायचं हाय."

आत्यानं आमच्याकडे पाहिलं. दिगू चाळणी पोटाशी धरून उभा होता, नाकाला गर लागलेला. आत्या खाली बसली, पदरानं चष्मा पुसू लागली आणि पुटपुटली, "टाक. पण उकळी फुटेपर्यंत हात थांबवू नको. खालून ढवळ, खालून."

वाटी पातेल्यात गेली. काळा रंग क्षणभर वेगळा दिसला, मग डावाच्या दोन फेऱ्यांत दिसेनासा झाला. दिगू बघत होता. "गेली?" त्यानं विचारलं.

"गेली कुठं? सगळीकडं झाली," मावशी म्हणाली आणि त्याचा हात धरून डाव त्याच्या हातात दिला. दोघांनी मिळून ढवळलं. थेंब ताटलीत टाकायचं काम माझं. पहिला पळाला. दुसरा जरा सरकला. तिसरा ताटली उभी धरली तरी जागचा हलला नाही.

रात्रीच्या जेवणाला मावशीनं सगळ्यांच्या पानात एकेक चमचा वाढला. बाबांनी पोळीचा घास त्यात बुडवला, तोंडात घातला आणि चावायचे थांबले. त्यांनी मावशीकडे पाहिलं.

"हो," मावशी म्हणाली. "हाय त्याच्यात."

बाबांनी घास गिळला. उठले, हात धुतले आणि अंधारातच सायकल पुसायला बाहेर गेले. ती सायकल सकाळीच पुसलेली होती.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात सगळ्यांत जास्त काळजी त्या बरण्यांची होती. नागपूरचा उन्हाळा माणसाला आंबवतो, तिथे गुळांब्याची काय कथा. मावशीनं माठाशेजारच्या थंड कोपऱ्यात वाळू पसरली, ती रोज ओली करायची आणि तिच्यावर बरण्या. बाहेर गरम वाऱ्याची लू चालायची, खिडक्यांना ओली पोती, आणि दिगू रोज दुपारी त्या ओल्या वाळूत पालथा पडून प्रत्येक बरणीला कान लावायचा. मावशी भाजी निवडता निवडता विचारायची, "काय म्हनते?"

"काहीच नाही. चूप आहे."

"चूप हाय तं बरी हाय."

सुरुवातीला हे सांगताना त्याचा आवाज पडलेला असायचा. मग कधीतरी तो नुसता बातमी दिल्यासारखं सांगू लागला. आणि पाऊस यायच्या सुमाराला मी एकदा पाहिलं, तो बरणीला कान लावून तसाच झोपी गेला होता आणि मावशी शेजारी बसून त्याच्या पाठीवरची वाळू एका हातानं झाडत होती, दुसऱ्या हातानं पंखा. आषाढात आत्या आली, बरणी उघडवली, वास घेतला आणि चाखलं. निघताना दारात पिशवीतून एक रिकामी डबी काढून म्हणाली, "थोडं दे वं मले. माझ्याकडचं यंदा नासलं."

आत्याच्या तोंडी "मले" ऐकून मावशीनं जे हसू दाबलं, ते मला अजून दिसतं.

पुढच्या वर्षी गुळांबा संपत आला तेव्हा मावशीनं तळाची एक वाटी न मागता काढून ठेवली आणि नव्या पातेल्यात घातली. त्याच्या पुढच्या वर्षीही. तीच आमच्या घरची रीत झाली. तिला मुलबाळ झालं नाही. आम्ही तिला शेवटपर्यंत मावशीच म्हटलं आणि त्यात काही कमी आहे असं ना तिला वाटलं, ना आम्हाला. ती गेली तेव्हा तिच्या हातची बरणी माझ्याकडे होती. मी त्यातली वाटी काढली.

आता मी सातव्या मजल्यावर राहते. अंगण नाही, कवठं बाजारातून येतात. माझी नात इरा आणि तिचा धाकटा भाऊ बाल्कनीत गोणपाट टाकून त्यावर कवठं सोडतात, खालच्या मजल्यावरची बाई तक्रार करते, मी तिला बरणीभर गुळांबा देऊन गप्प करते. सून म्हणते मिक्सरमधून काढू. मी चाळणीच पुढे करते, कारण मिक्सरमध्ये बिया भरडल्या की तोंड तुरट होतं, आणि कारण मुलांचे हात बरबटले पाहिजेत. यंदा जुनी वाटी पातेल्यात घालताना इरानं विचारलं, "आजी, यात तुझ्या आईचं आता कितीसं उरलं असेल गं?" गणितात हुशार आहे पोरगी, तिनं काही करून आकडा काढला असता. मी म्हटलं, "ढवळ तू. खालून ढवळ."

दिगू बंगळुरूला असतो. नोकरीतून सुटून त्यालाही बरीच वर्षं झाली, कानाला यंत्र लागलं आहे. शिवरात्रीनंतर त्याचा फोन येतो. तब्येत विचारत नाही, हवा विचारत नाही. "टाकलं का वं जुनं?" हा पहिला प्रश्न. यंदाही आला. टाकलं म्हटलं. "मंग धर," तो म्हणाला. "थांब, थांब, यंत्र नीट लावू दे." बंगळुरूत इतकी वर्षं राहून गेलेली बोली या एका फोनपुरती परत येते.

मी फोन बरणीला लावला. इरा आणि तिचा भाऊ माझ्याकडे बघत होते. फोनमध्ये दिगूचा श्वास ऐकू येत होता, बाकी काही नाही. बरंच झालं तेव्हा मी फोन कानाशी घेतला.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"काहीच नाही," तो म्हणाला. "चूप आहे वं. एकदम चूप."

मग आम्ही दोघंही फोन न ठेवता तसेच बसून राहिलो.